देवराईतली ओंजळ

नाशिकहून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न केला, "काय काय पाहिलंस?" मी म्हणाले, एक टेकडी पाहिली आणि एक राई पाहिली. त्यांचे चेहरे पडले. गोदावरी नाही, बाजारपेठ नाही, द्राक्षांचे मळेसुद्धा बसच्या खिडकीतून. आठ दिवस जाऊन मुलीनं झाडं पाहून यावीत, ती काय नांदगावात नव्हती? खरं सांगायचं तर आमच्याकडे ती फारशी नाहीतच. म्हणून जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

नांदगाव

आमचं गादीचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला आहे. अब्बा पिंजारी. गाद्या कापसाच्या भरतात, पण उश्या सावरीच्या. सावरीची बोंडं वैशाखात फुटतात, त्यांच्या रेशमासारख्या कापसात काळ्या बारीक बिया अडकलेल्या असतात. त्या वेचून काढायचं काम लहानपणी माझं होतं. "बी राहिलं तर गिऱ्हाइकाच्या गालाला टोचतं," अब्बा म्हणायचे, "आणि बोलणी मला बसतात." वेचलेल्या बिया मी दुकानामागं पेरायची. काही उगवायच्या, उन्हाळ्यात मरायच्या. वनस्पतिशास्त्राची माझी आवड तिथून सुरू झाली. घरातली पहिली पदवीधर मी झाले, तेव्हा अब्बांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला, गादी घ्यायची असो वा नसो, चहा पाजला होता.

शहरांच्या कडेची जंगलं राखायला तरुण माणसं तयार व्हावीत म्हणून नाशिकची एक संस्था फेलोशिप देणार होती. वर्षभर शिक्षण, मानधन आणि सांभाळायला एक टेकडी. आमच्या कॉलेजच्या सरांनी माझं नाव पाठवलं. आठ दिवसांचं शिबिर आणि शेवटी दोघांची निवड. इकडे गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा रिकामी झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारपर्यंत थांबतो. अब्बांची छाती कापसाच्या धुळीनं भरून येते आताशा. जूनपासून घरात दुसरं कुणीतरी कमावणारं हवं, हे कुणी बोललं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं. शाळा वाईट नव्हती. पण टेकडी एकदाच मिळू शकली असती.

निघताना अब्बांनी काखेत उशी दिली. "परक्या जागी झोप येत नाही बेटा. ही ने." मी नको नको म्हणत होते. शेवटी उशी घेऊनच गाडीत चढले.

नाशिक, शहराच्या कडेला

संस्थेच्या वसतिगृहात सकाळी नाश्त्याला मिसळ होती. वर लाल तर्री तरंगत होती. तिखट आम्हीही खातो, पण नाशिकचे लोक ती सकाळी सकाळी कशी पचवतात कोण जाणे. डोळ्यांतून पाणी आलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या शेजारी अनिकेत येऊन बसला. तो नाशिकचाच, आर्किटेक्ट. इंग्रजी पटपट बोलणारा. त्यानं आदल्या संध्याकाळी मला उशीसकट उतरताना पाहिलं होतं.

"नेतृत्व करायला आलात आणि अंथरूण घेऊन?" तो म्हणाला.

"अंथरूण नाही, उशीच आहे," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

शिबिर चालवणाऱ्या मेधाताई आम्हाला टेकडी दाखवायला घेऊन गेल्या. नव्या बंगल्यांची रांग संपते, मोकळ्या प्लॉटांवर विटांचे ढीग लागतात आणि मग तिचा उतार सुरू होतो. उतारभर गुलाबी फुलं. एकाही फांदीवर पान नाही, नुसती फुलं. "काय दिसतंय?" मेधाताईंनी विचारलं. मी पटकन बोलून गेले, "किती सुंदर!"

पुन्हा हसू आलं. मेधाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, हे सगळं गिरिपुष्प. लवकर वाढतं आणि गुरं खात नाहीत, म्हणून एकच एक लावलेलं. आम्ही खाली वाकून पाहिलं. झाडांखाली दुसरं रोपटं नव्हतं, फांद्यांत घरटं दिसत नव्हतं.

"हे जंगल नाही," अनिकेत म्हणाला. "ही प्रार्थनेला उभी राहिलेली शाळा आहे."

बोलायला चांगला होता तो. मला त्याची भीती वाटायची ती त्यामुळेच.

शनिवारी प्रत्येकानं या टेकडीसाठी आपली योजना मांडायची होती. इथं पूर्वी कोणती झाडं असतील, त्यांचं बी कुठून आणायचं, लावल्यावर राखायचं कुणी. मी म्हणाले, बाजारातली रोपं नकोत, याच डोंगरांच्या जुन्या राईतलं बी हवं. अनिकेतच्या मनातही तेच होतं. मेधाताईंच्या ओळखीचा पेठच्या बाजूला एक पाडा होता, त्याला लागून देवराई. "पण तिथलं काही मिळेल याची खात्री नाही," त्या म्हणाल्या. "मी तीनदा रिकाम्या हातानं आलेय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. पाठीवर पिशवी, काखेत उशी. अनिकेतनं नुसती मान हलवली.

पेठकडचा पाडा

पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनीच तसं सांगितलंय. नाव कळलं की लाकूडवाले येतात.

घाट चढून बस उतरायला लागली आणि मला वाटलं आपण दुसऱ्याच जिल्ह्यात आलो. आमच्याकडे माघात सगळं करडं असतं. नजर टाकली की पार क्षितिजापर्यंत जाते, मध्ये अडत नाही. इथं प्रत्येक वळणावर अडत होती. सागाची पानं वाळली होती, तरी डोंगर उघडे नव्हते. मध्येच पानं झडलेली काटेसावर लाल फुलांनी पेटल्यासारखी उभी. तिला पाहून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

फाट्यावरून चालत पाड्यावर पोचलो. राईचा कारभार सोमाबाबांकडे. ते तिथले भगत. वाळलेल्या खोडासारखे उंच, कमी बोलणारे. त्यांची बायको कमळीबाई ती कसर भरून काढत होती. ओट्यावर बसल्याबसल्या कोरा चहा आला, गुळाचा. मग तो प्रश्न आला ज्याची धास्ती मी नाशिकपासून बाळगून होते.

"तुना नाव काय, बाय?"

देवाच्या राईत जायचंय आणि माझं नाव हे असं. मेधाताईंकडे पाहिलं, त्या चहात पाहत होत्या.

"नसीम."

"बाप काय करतो?"

"पिंजारी. गाद्या-उश्या भरतात."

कमळीबाईंनी कप खाली ठेवला. "पिंजाऱ्याची हायेस? मंग आधी का नाय सांगितलं! पूर्वी एक पिंजारी यायचा, मेला वाटतं, किती वर्सं आला नाय." त्या आत गेल्या आणि आपली उशी घेऊन आल्या. "बघ ही. दगूड झालाय. मान मोडते माजी."

सोमाबाबा म्हणाले, "पाहुनी हाय ती. कामाला काय लावतेस?"

"तुम्ही गप बसा. तुमची मान हाय का ही?"

मी उशी उसवली. आत सावरीचाच कापूस होता, घरीच भरलेला, बियांसकट, गोळे गोळे झालेला. ओट्यावर सोमाबाबांचं जुनं धोतर पसरलं, कापूस काठीनं झोडपला, मग बोटांनी पिंजला. पिंजण नव्हतं, त्यामुळे वेळ लागला. थोडा कापूस माझ्या उशीतला काढून तिच्यात घातला. वाऱ्यानं कापूस माझ्या केसांत, कुर्त्यावर, ओढणीवर बसत गेला. अनिकेत बघत होता. म्हणाला, "आता कळलं उशी कशाला." त्यात टोमणा नव्हता. की होता? त्या दिवसांत मला ओळखता येत नव्हतं.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. आमची बाजरीची भाकरी कडक, पापुद्र्याची. ही मऊ आणि काळसर, तोंडात ओलसर राहणारी. पहिल्या घासाला मला ती कच्ची वाटली, तिसऱ्या घासाला मी दुसरी मागून घेतली. कमळीबाईंना एवढंच हवं होतं.

अंथरुणावर पडले, पण डोळा लागेना. आलो त्या कामाचा अजून कुणी विषयही काढला नव्हता.

राईत

सकाळी सोमाबाबांनी रीत सांगितली. चपला बाहेर. कातड्याचं काही अंगावर नको. अनिकेतनं पट्टा काढला आणि दिवसभर पँट धरून चालला. आतलं काही तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, वाळकी काडीसुद्धा नाही. बाहेर पडताना हद्दीच्या दगडाशी उभं राहून कपडे झटकायचे. चुकून पान, बी अंगाला लागलं असेल तर ते आतच पडावं. कमळीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अडचण नाय ना?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मंग चल. मीबी येते."

राईत शिरल्यावर आधी कानांना कळलं. बाहेरचा वारा थांबला. पायाखाली पानांचा थर इतका की पाऊल बुडत होतं. ऐन, हिरडा, बेहडा, उंबर, आणि त्यांच्यावर चढलेल्या माझ्या मांडीएवढ्या वेली. पुस्तकातली नावं आठवून झाडं ओळखत होते, पण बेहड्यापाशी थांबलेच. बुंध्याला तिघांनी हात धरले तरी वेढा पुरा झाला नसता. खाली त्याची तपकिरी, मखमली फळं पसरली होती. ही टेकडीवर हवीत, मला वाटलं. हात मागं बांधून घेतले.

देव म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड. सोमाबाबांनी सागाचं पान मांडलं, तांदळाची मूठ काढली. देवाला प्रश्न घालायचा, चिमूट उचलायची आणि दाणे जोडीजोडीनं मांडायचे. शेवटी जोडी पडली तर हो. एकटा दाणा उरला तर नाही.

"काय विचारू?" ते म्हणाले.

अनिकेत पुढं झाला. चांगलंच बोलला तो. नाशिकला टेकडी आहे, तिथं जंगल करायचंय, राईतलं बी मिळावं, काळजी घेऊ. सोमाबाबांनी ते आपल्या बोलीत देवाला सांगितलं आणि चिमूट उचलली.

दाणे मांडताना त्यांची बोटं अगदी सावकाश चालत होती. मला फक्त पान दिसत होतं. दोन. दोन. दोन. शेवटचा दाणा त्यांनी पानावर ठेवला आणि हात मोकळा करून दाखवला. एकटा होता.

"नाय म्हनतो."

मेधाताईंनी सुस्कारा टाकला. चौथ्यांदा. अनिकेत म्हणाला, "पुन्हा विचारून बघता येईल का?"

"त्याला काय भुलायची सवय हाय?" सोमाबाबा म्हणाले आणि उठले.

परतीची वाट धरली. माझ्या डोक्यात शनिवार होता. राईचं बी ही माझ्या योजनेची एकुलती एक गोष्ट. ती गेली की उरते नांदगावची मुलगी, जिला गिरिपुष्प सुंदर वाटतं. आणि मग सोमवार.

हद्दीच्या दगडाशी आलो. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी कपडे झटकले. मीही ओढणी काढून जोरानं झटकली.

ओढणीतून कापूस उडाला. आदल्या दिवशीचा, झटकून झटकून गेला असं मला वाटलेला. पांढरे पुंजके हवेत तरंगले आणि राईच्या आतल्या बाजूला, काळ्या पाचोळ्यावर सावकाश बसले. त्यांतल्या काळ्या बिया दिसत होत्या.

 आतलं बाहेर न्यायचं नाही हे सांगितलं होतं. बाहेरचं आत टाकलं तर काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि टाकलं कुणी, तर मी. मी वाकून वेचायला गेले तर सोमाबाबा ओरडले, "हात नको लावू!"

मी तशीच वाकलेली राहिले. अनिकेत हळूच म्हणाला, "चुकून झालंय हो, बाबा." एका हातानं त्यानं पँट धरली होती.

सोमाबाबांनी तिथंच पाचोळ्यावर एक पान मांडलं. प्रश्न मला ऐकू आला. हे ठेवायचं का बाहेर काढायचं? चिमूट उचलली. दोन. दोन. दोन. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पानावर शेवटी जोडी होती.

"ठेवून घेतलं," ते म्हणाले. जरा नवल वाटल्यासारखे. "आजवर जो आला तो मागायलाच आला."

मला रडू येईल असं वाटत होतं. तेवढ्यात कमळीबाई म्हणाल्या, "ठेवून घेतलं ना? मंग द्या आता."

"काय देऊ?"

"शेजारनीनं वाटीभर काय धाडलं तर वाटी रिकामी परत देता का तुम्ही? का देवाच्या घरी येगळी रीत हाय?"

 मेधाताई म्हणाल्या, "बाबा, दाणे लावून बघा ना."

"ह्याला दाने कशाला?" कमळीबाई म्हणाल्या. "हे घरातलं हाय."

सोमाबाबांनी पुन्हा त्या कापसाकडे पाहिलं. मग मागं वळले आणि आत गेले. आले तेव्हा त्यांच्या ओंजळीत बेहड्याची फळं होती. अनिकेतनं पिशवी पुढं केली.

"तुला नाय. नाशिकलाबी नाय, ते विचारून झालं," ते म्हणाले. "हिनं दिलं, हिला. पोरी, पदर कर." मी ओढणी पसरली. "तू लावशील तिथं लाव. पन दर माघात येऊन ह्याला सांगायचं, काय जगलं, काय मेलं. खोटं नाय सांगायचं."

मी हो म्हणाले.  मग उरलेली भीतीही बोलून टाकली. "बाई, तुमच्या उशीतल्या बिया जुन्या आहेत. त्या उगवायच्या नाहीत बहुतेक."

कमळीबाई हसल्या. "मंग येशील तवा नवीन आन."

पुन्हा नाशिक

शनिवारी समोर तिघं बसले होते. एक निवृत्त वनाधिकारी, एक प्राध्यापिका, आणि फेलोशिपला पैसा देणाऱ्यांकडचे एक गृहस्थ. अनिकेत आधी गेला. प्रोजेक्टरवर त्यानं टेकडीचे नकाशे दाखवले. उतार, ओघळ, कुठं काय लावायचं. दारातून पाहत होते मी. इतकं सुंदर काम की मत्सरसुद्धा वाटेना.

माझ्याकडे हातानं काढलेला एक कागद होता आणि ओढणीत बांधलेला बेहडा. जे झालं ते मी सांगितलं. 

वनाधिकारी म्हणाले, "टेकडी केवढी आणि ही ओंजळ केवढी!"

"हो सर. उरलेलं बी शहराजवळच्या ओहोळांतून गोळा करावं लागेल. धावडा, पळस अजून आहेत तिथं. पण बेहडा कुठंच राहिलेला नाही."

"आणि फेलोशिप वर्षाची. वर्षानंतर कोण बघणार?"

"मला दर माघात पेठला जाऊन सांगायचंय, काय जगलं ते. त्यामुळे बघावंच लागेल."

प्राध्यापिका हसल्या. मग त्या गृहस्थांनी विचारलं, अगदी सहज, "निवड नाही झाली, तर या बिया संस्थेच्या रोपवाटिकेत देऊन जाल ना? टेकडीच्या कामाला येतील."

त्या एका क्षणात मला पुढचं सगळं दिसलं. हो म्हणणं किती सोपं होतं, चांगलंही दिसलं असतं. पण राईच्या हद्दीवर ओढणी मी पसरली होती.

"नाही देता येणार सर," मी म्हणाले. "त्या माझ्या नावावर आहेत. निवड नाही झाली तर नांदगावात लावीन. तिथं जगणं अवघड आहे, पण मग तसं सांगावं लागेल मला."

ते काहीतरी लिहीत राहिले. मी बाहेर आले. अनिकेतनं द्राक्षांचा घड पुढं केला. "खा. नाशिकला येऊन द्राक्षं न खाता गेलीस असं नको." मी दोन मणी तोडले. एवढी गोड द्राक्षं मी कधी खाल्ली नव्हती, आणि मला त्यांची चव लागत नव्हती.

संध्याकाळी मेधाताईंनी दोन नावं वाचली. पहिलं दुसऱ्याच एका मुलाचं. दुसरं माझं. अनिकेतचं नाव नव्हतं. त्यानं टाळ्या वाजवल्या, मग माझ्याजवळ आला. आपल्या नकाशांची गुंडाळी त्यानं माझ्या हातात दिली. "टेकडीचेच आहेत. माझ्याकडे काय करायचेत?"

 मी पिशवीत हात घातला आणि माझ्यापुरती ठेवलेली भुईमुगाच्या शेंगांची पुडी त्याच्या हातात ठेवली. रिकाम्या हातानं कसं जाऊ द्यायचं.

घरी

रविवारी घरी पोचले. मुख्याध्यापकांना निरोप दिला. अब्बांना फेलोशिप म्हणजे काय हे पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बेहड्याचं एक फळ हातात घेऊन बोटांत फिरवलं, कापूस पारखतात तसं. "हे उगवेल?"

"माहीत नाही अब्बा. पावसात पेरीन. बेहडा वेळ घेतो."

"आणि नाही उगवलं?"

"तर तसं जाऊन सांगायचं."

त्यांनी फळ परत माझ्या हातात ठेवलं. अभिनंदनाला आलेल्यांना मी हसून उत्तरं देते, पण झोपताना उशीवर डोकं टेकलं की तोच प्रश्न येतो. पाऊस कमी झाला तर? बी किडकं निघालं तर? संस्थेला अहवाल द्यायचाय त्याची एवढी काळजी वाटत नाही. त्या दगडापुढं उभं राहून बोलायचंय त्याची वाटते.

आता वैशाख आहे. परवा सावरीची बोंडं आली. अब्बांनी नव्या खादीची एक छोटी उशी शिवायला घेतलीय, कमळीबाईंसाठी. ते दाराशी बसून कापूस मोकळा करत होते आणि सवयीनं एक एक बी काढून बाजूला टाकत होते, खोकत खोकत.

मी म्हणाले, "अब्बा, या उशीतल्या बिया राहू द्या. कमळीबाईंनी राईसाठी नव्या आणायला सांगितल्यात."

त्यांनी वर पाहिलं. "टोचतील. लोक म्हणतील, पिंजाऱ्याला काम येत नाही."

"म्हणू द्या."

 अब्बांनी बाजूला टाकलेल्या बिया चिमटीनं उचलल्या आणि एक एक करून परत कापसात घालू लागले.